दुधाचा करार

अग्बालू, ३ एप्रिल

इत्तो,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तीन ओळी. खाली शहरात, मिदेल्तला, आमच्या संस्थेच्या पत्त्यावर आलं, तिथल्या माणसाने इतर कागदांत घालून वर पाठवलं, त्यामुळे पाणीवाटपाचा तक्ता आणि सफरचंदाच्या कलमांची यादी यांच्या मधोमध तुझं अक्षर सापडलं. फोन नंबर दिला नाहीस. बरं केलंस. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

पहिली ओळ आईच्या डोळ्यांची. हो, गेले. उजेड कळतो, माणूस दिसत नाही. पण पावलांवरून सगळ्यांना ओळखते. गावातला म्हातारा दादा मोहा काठी टेकत आला की दारातच म्हणते, "आलास का म्हाताऱ्या? चहा संपलाय, उगाच बसू नकोस." तो म्हणतो, "डोळे नेले आणि जीभ ठेवली, देवाचा हिशेब कधी कळला नाही मला." आणि मग दोघं तासभर चहा पीत बसतात. फक्त कधीकधी अंगणात हलकं पाऊल वाजलं की आई हातातली लोकर थांबवते आणि विचारते, "इत्तो का गं?" बहुतेक वेळा शेळी असते. मी "शेळी आहे" म्हणते. पूर्वी ती हसायची. आता नुसती मान हलवते आणि पुन्हा पिंजायला लागते.

दुसरी ओळ, ऑगस्टमध्ये दहा दिवस मुलांना घेऊन येईन म्हणतेस. तुला मुलं आहेत हे मला या ओळीवरून कळलं. नावं लिहिली नाहीस.

तिसरी ओळ मी किती वेळा वाचली सांगता येत नाही. 'तो माणूस अजून आसाकात असेल तर मी येणार नाही. खरं काय ते लिही.'

खरं लिहिते. हम्मू आसाकातच आहे. ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. त्याने लग्न केलं नाही. दोन्ही गावांच्या पाण्याच्या नळाची चावी त्याच्याकडे असते. आपल्या अग्बालूची पाळी आली की आपल्याकडचा व्हॉल्व्ह उघडतो, आसाकाची आली की त्यांचा. दोन्ही गावांनी एकमताने त्याला नेमलं, आणि या दोन गावांचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मला तरी आठवत नाही. 'तो खोटं बोलत नाही' एवढंच कारण दिलं.

तू जाताना ठेवलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे. 'तुझ्या तमाशापायी माझं लग्न मोडलं, आणि ज्याच्यासाठी मी तरीही घर सोडलं तो आलाच नाही.' इत्तो, तुमच्या दोघांचं तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो करार मी होऊच दिला नसता.

मंगळवारी संस्थेची गाडी खाली जाते. तिच्याबरोबर हे पाठवीन.

रबहा

८ एप्रिल

मंगळवार गेला. पत्र माझ्याच टेबलावर आहे, कारण त्यातला तुझ्या चिठ्ठीबद्दलचा परिच्छेद खोटा आहे. मला माहीत होतं.

जर्दाळू वाळवायचे दिवस होते. तू दर थोड्या वेळाने छपरावर जायचीस. एवढं काय वाळत घालतेस म्हणून मी एकदा वर आले, तर ताटं रिकामी आणि तू ओढ्यापलीकडे बघत उभी. पलीकडच्या छपरावर हम्मू, त्याच्याही हातात रिकामं ताट. मला इतकं हसू आलं की तोंडावर हात ठेवून मी खाली उतरले. करार झाला तो त्यानंतर दहा महिन्यांनी. म्हणजे दहा महिने मला माहीत होतं.

आता सगळं क्रमाने लिहिते. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, पण क्रम सोडला की मी काहीतरी गाळते, हे तू वर पाहिलंसच.

कराराच्या आदल्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून आसाकाच्या सईदचं डोकं आपल्या लोकांनी कुदळीने फोडलं. तो जगला, पण आजही शब्द अडखळत बोलतो. संस्थेने नळ आणायचं ठरवलं होतं. युरोपातले भागीदार, शेती खातं, दोन गावांची दोन मंडळं, बायकांची सफरचंदांची सहकारी सोसायटी, या सगळ्यांना एका कागदावर आणायचं काम माझं. मी तीनदा आणलं. तीनदा दोन्ही गावांनी सह्या केल्या आणि तीनदा पाट फोडला. चौथ्या वेळी भागीदारांनी कळवलं, यंदा जमलं नाही तर पाइप दुसऱ्या खोऱ्यात जातील.

तेव्हा दादा मोहा सभेत म्हणाला, "पोरी, कागदाने ही माणसं बांधली जात नाहीत. कागद शेळीसुद्धा खाते. आमच्या आजोबांनी तादा केली असती."

तादा. दुधाचा करार. दोन गावांतल्या अंगावर पाजणाऱ्या बायकांचं दूध एकाच कुसकुसवर शिंपडायचं आणि सगळ्यांनी एका परातीत जेवायचं. मग दोन्हीकडच्या घरटी एकाने उजव्या पायातली चप्पल ढिगात टाकायची. म्हाताऱ्यांनी न बघता या ढिगातली एक, त्या ढिगातली एक काढायची. ज्यांच्या चपला जुळल्या ते जन्माचे तादा. तादाशी खोटं बोलायचं नाही. तादाने मागितलेलं नाकारायचं नाही. तो जाताना दिसला तर उठून उभं राहायचं, चप्पल हातात घ्यायची. आणि दोन्ही गावं एका दुधाची झाल्यामुळे एका गावाची मुलगी दुसऱ्या गावात द्यायची नाही.

हे शेवटचं मला माहीत होतं, इत्तो. सभेत सगळे माना डोलावत होते तेव्हा तेच डोक्यात होतं. मी स्वतःला समजावलं, आजकाल हे कोण मानतंय? एक समारंभ होईल, पाहुणे फोटो काढतील, नळ येईल, वर्षभरात सगळे विसरतील. नळ आला. विसरलं कुणीच नाही.

आपल्या घरात पुरुष नाही, म्हणून चप्पल कुणी टाकायची असा प्रश्न निघाला. शेजारची लल्ला फादमा म्हणाली, "ही दिवसभर पुरुषांना ओरडत फिरते, हिचीच टाका." सगळे हसले. मी माझा ऑफिसचा काळा बूट टाकला. तो ज्या चपलेशी जुळला ती हम्मूची होती.

तू परातीच्या पलीकडे बसली होतीस. घास हातात धरून माझ्याकडे पाहत होतीस. मी मान वळवली, कारण कॅमेरावाला मला बोलावत होता. तो घास तू खाल्लास की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

१४ एप्रिल

काल दुसऱ्या खोऱ्यांतली पंधरा माणसं शिकायला आली होती. भागीदारी कशी जुळवावी, कशी टिकवावी, हे मी शिकवते. नळाला नऊ वर्षं झाली, एकदाही पाट फुटला नाही, रोपवाटिकेतून दरवर्षी हजारो कलमं जातात, सोसायटीतल्या बायका स्वतःच्या नावावर पेढी चालवतात. म्हणून लोक बघायला येतात. एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "ताई, एवढी वर्षं टिकलं याचं गुपित काय?" मी म्हटलं, "विश्वास." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांना पूल दाखवायला नेलं तर पलीकडे हम्मू व्हॉल्व्हला तेल देत बसला होता. मला पाहून उठला. चपला काढून हातात घेतल्या आणि आम्ही जाईपर्यंत चिखलात अनवाणी उभा राहिला. मुलगी म्हणाली, "किती आदर आहे तुमच्याबद्दल!"

नऊ वर्षं तो असा उभा राहतो. बर्फातही. लग्नाच्या पंगतीत, अंत्ययात्रेत, भरल्या बाजारात. काही बोलत नाही, रागाने बघत नाही, निव्वळ उभा राहतो. मी पुलाची वाट सोडून जुन्या गिरणीवरून जायला लागले, तर महिन्याभरात त्याला नळाच्या कामाने तिकडेच यावं लागलं. एकदा मी चिडून म्हणाले, "बस की रे! माणसांसारखा बस!" तो म्हणाला, "ही तू मागायची गोष्ट नाही, रबहा. ही माझी द्यायची आहे." भिंतीकडे तोंड करून झोपले तरी तो मला उभा दिसतो. मेलेली माणसं पछाडतात म्हणतात. मला जिवंत माणसाने पछाडलं आहे, तेही रीतसर.

आता ते लिहिते.

तू बसच्या फाट्यावर गेलीस त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. मी रोपवाटिकेत कलमांना चिठ्ठ्या बांधत होते. हम्मू आला आणि दाराशी उभा राहिला.

म्हणाला, "उद्या पहाटेच्या बसने मी आणि इत्तो मेकनेसला जातो. तिथे लग्न करू."

"हे मला का सांगतोस?"

"तू माझी तादा. पोटात ठेवून जाता येईना. तीन दिवस जेवण उतरत नाहीये."

"आणि सांगितल्यावर मी शिदोरी बांधून देईन असं वाटलं?"

तो हसला. "शिदोरी नको. निदान खोटा तरी पडणार नाही. पाप लागलं तर माझं मला लागेल."

"पाप तुला लागेल, नळ तुटेल तो दोन गावांचा. करार मोडला म्हणून संध्याकाळच्या आत कुदळी बाहेर निघतील. सईदला बघतोस ना रोज?"

तो म्हणाला, "बघतो. पण इत्तोलाही बघतो."

तेव्हा मी ते बोलले. "हम्मू, मी मागते. त्या बसमध्ये चढू नकोस."

त्याने विचारलं, "रबहा मागते की तादा मागते?"

इत्तो, या प्रश्नात त्याने मला दार उघडून दिलं होतं. मी 'रबहा' म्हणाले असते तर तो मान हलवून निघून गेला असता आणि पहाटे तुझ्याबरोबर बसमध्ये असता. मी म्हटलं, "तादा."

त्याने वाकून चपला काढल्या. हातात घेतल्या. चेहरा असा झाला होता की मी चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, "अजून एक. तिला निरोप धाडू नकोस. का आला नाहीस ते तिला कधीही सांगू नकोस." कारण तुला कारण कळलं असतं तर तू परत येऊन भर चौकात माझ्या झिंज्या उपटल्या असत्यास, आणि ते मला नको होतं.

तो म्हणाला, "बरं." एवढंच.

तू पहिली बस सोडलीस, दुसरीही सोडलीस, आणि तिसरीत एकटीच चढलीस, हे मला वडाप चालवणाऱ्या ओमारने सांगितलं. "रडत नव्हती," म्हणाला, "नुसती रस्त्याकडे बघत होती." फाट्यापासून घर अर्ध्या तासावर आहे. मी घरी होते. आईबरोबर भाकरी भाजत होते.

म्हणजे तो पळपुटा नव्हता, इत्तो. तू नऊ वर्षं चुकीच्या माणसाचा द्वेष केलास.

१८ एप्रिल

वरचं वाचून पाहिलं. नळासाठी केलं, सईदसाठी केलं, असं वाटतं वाचताना. तेही होतंच. पण एक राहिलं.

त्या दुपारी हम्मू 'मेकनेस' म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नळ आला नाही. आपलं घर आलं. संध्याकाळची वेळ, आई, चूल आणि मी. तू नाहीस. मी तेहतीस वर्षांची होते, मला कुणी मागणी घातली नव्हती आणि यापुढे घालणार नव्हतं, आणि तू चोविसाव्या वर्षी हसत हसत निघाली होतीस, आई माझ्या गळ्यात टाकून. मला तुझा हेवा वाटला. नुसता हेवा. त्याला नळाचं, गावाचं, करारांचं पांघरूण घालायला मला संस्थेत शिकवलंच होतं. आणि गंमत बघ, तू गेलीसच. मी एकटी राहायची ती राहिलेच. तुझं मात्र वाटोळं केलं.

हे लिहून मन हलकं झालं. चारही पत्रं एका पाकिटात घालून मंगळवारी पाठवते. तुला खरं हवं होतं ना? घे. मग यायचं तर ये, नाही तर येऊ नकोस. पण जो उन्हापावसात उभा आहे त्याच्यावरचा डाग निघू दे.

त्याआधी हम्मूला सांगायला हवं. गोष्ट त्याचीही आहे. उद्या पूल ओलांडते.

१९ एप्रिल

हे पत्र तुला मिळणार नाही. म्हणूनच लिहिते आहे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

तो टाकीपाशी होता. मला पाहून उठला. मी म्हटलं, "आज बस, मला बोलायचंय." तो उभाच राहिला. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. 'तो माणूस' हे शब्दही गाळले नाहीत. त्याचा चेहरा काही हलला नाही. मग मी सांगितलं, की सगळं लिहून काढलंय, मंगळवारी धाडते.

तो टाकीतलं पाणी बघत म्हणाला, "आईची तब्येत कशी आहे?"

"डोळे गेले. बाकी आहे तशी. हकीम म्हणतात, हृदय कमजोर आहे. पुढचा हिवाळा काढेल की नाही, सांगत नाहीत."

"आणि ती ऑगस्टमध्ये येते म्हणते."

"तू इथे नसशील तर."

"तुझी पत्रं वाचल्यावर येईल?"

तादाशी खोटं बोलता येत नाही.

"नाही येणार," तोच म्हणाला. "आज तिला तू एक मूर्ख बहीण वाटतेस. न कळता तमाशा मांडलास असं समजते. म्हणून नऊ वर्षांनी का होईना, लिहिलं तिने. हे वाचलं की बहीण संपली, आणि बहिणीच्या घरात आई आहे."

"पण तिला कळायला नको? ती तुला भित्रा समजते, हम्मू! अजून!"

"समजू दे. मी ओढ्यापलीकडचा कोण? माझा राग करून तिने संसार उभा केलाय. तो राग काढून घेतलास तर ती तो ठेवणार कुठे? नवऱ्याशेजारी बसून नऊ वर्षांचा हिशेब मांडत बसेल, की तो आला असता तर काय झालं असतं. असं करू नये कुणाचं."

"आणि तुझं?"

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "माझं काय? पाणी वेळेवर सोडतो."

मग म्हणाला, "रबहा, नऊ वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही."

मला कळलं. मी "नको" म्हणाले. खरंच म्हणाले, दोनदा. हात जोडले. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे मागितलं. "ती पत्रं पाठवू नकोस. तिला हे कधीही सांगू नकोस, ना लिहून, ना तोंडाने, ना कुणाकरवी. ऑगस्टमध्ये मी मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर जातो. चावी दादा मोहाच्या मुलाकडे देईन. तेव्हा मी गावात नाही असं लिहिलंस तर ते खोटं होणार नाही. आणि हेही लिही, की मी तिचं नाव कधी काढलं नाही. म्हणजे तिला यायला सोपं जाईल. हे खरंच आहे ना? काढलंय कधी?"

त्या दुपारनंतर त्याने तुझं नाव कधीच घेतलेलं नाही. आजही घेतलं नाही. "खरं आहे," मी म्हटलं.

मी वाकले, चपला काढल्या, हातात घेतल्या. टाकीभोवतीचा चिखल बर्फासारखा गार होता. रोज यावर तो कसा उभा राहतो, ते मला तेव्हा कळलं.

तू येशील. माझ्या शेजारी बसून जेवशील, कदाचित एखाद्या संध्याकाळी मला माफही करशील, न कळता केलेल्या चुकीबद्दल. आणि मी ती माफी घेईन. दहा दिवस रोज घेईन.

अग्बालू, २२ एप्रिल

प्रिय इत्तो,

तुझं पत्र मिळालं, खूप आनंद झाला. उत्तराला उशीर झाला, पाहुणे आले होते. आईला फक्त उजेड कळतो, पण पावलांवरून सगळ्यांना ओळखते. तू येणार म्हटल्यापासून तिने तुझ्या मुलांसाठी लोकर निवडायला घेतली आहे. मुलांची नावं कळव, ती रोज विचारते.

ऑगस्टमध्ये लवकर पिकणारी सफरचंदं उतरलेली असतात. नळाचं पाणी आता थेट अंगणात येतं, मुलांची गैरसोय होणार नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. तू येशील तेव्हा तो गावात नसेल. नऊ वर्षांत त्याने तुझं नाव एकदाही काढलेलं नाही.

ये.

तुझी बहीण,
रबहा